विश्लेषण : 'सायक्लोन' शब्द कोणी दिला? त्याच माणसाचा इशारा सरकारने का डावलला?

'निसर्ग' आणि 'तौक्ते'च्या वेळी कोकणात घरोघरी पोहोचलेला 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात राहणाऱ्या एका माजी जहाज कप्तानाने घडवला. त्यांचे नाव हेन्री पिडिंग्टन.

कप्तान वादळांकडे कसे वळले?

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात १७९७ मध्ये जन्मलेले पिडिंग्टन व्यापारी जहाजांवर काम करत पूर्वेकडे आले आणि बंगालमध्ये स्थायिक झाले. १८३८ मध्ये विल्यम रीड यांचा वादळांच्या नियमांवरील ग्रंथ निघाला आणि पिडिंग्टन यांना आयुष्यभराचे काम सापडले. उपग्रह तर सोडाच, वादळाची खबर पुढच्या बंदराला देणारी तारही तेव्हा नव्हती. वादळातून वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ते मिळवत. कोणत्या वेळी जहाज कुठे होते, वारा कुठून होता, वायुभारमापकातील पारा किती उतरला, हे सारे नकाशावर मांडले की त्यातून वादळाचा मार्ग उमटत असे. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी अशी एकामागून एक वादळे मांडली.

गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदराची हकिकतही त्यांनी नोंदवली. १७८९ च्या डिसेंबरात तेथे समुद्राच्या तीन प्रचंड लाटा आल्या आणि सुमारे २० हजार माणसे गेल्याचे सांगितले जाते. वाऱ्यापेक्षा वादळाने ढकललेले पाणी अधिक माणसे मारते, हे यातून दिसत होते.

शब्द आणि शिंगाचा पत्रा

१८४८ च्या खलाशांसाठीच्या पुस्तकात त्यांनी 'सायक्लोन' हा शब्द सुचवला. मूळ ग्रीक, अर्थ सापाच्या वेटोळ्यासारखा. पुस्तकासोबत शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्रे असत. उत्तर गोलार्धात वादळी वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणजे वाऱ्याकडे तोंड केले की केंद्र साधारण उजव्या हाताला. पत्र्यावर हीच वर्तुळे कोरलेली. नकाशावर तो जुळवून ठेवला की केंद्र कुठे आहे आणि जहाज कुठे वळवायचे, याचा अंदाज येई. भर वादळात गणित मांडत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

मातला नदीवर काय घडले?

हुगळी गाळाने भरत असल्याच्या भीतीने सरकारने सुंदरबनातील मातला नदीवर नवे बंदर उभारायचे ठरवले. १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून विरोध केला. चक्रीवादळाबरोबर तेथे पाणी पाच ते पंधरा फूट चढेल आणि वसाहत बुडेल, असा त्यांचा हिशेब होता. पण सरकारला कलकत्त्याला पर्यायी बंदर हवे होते आणि सल्ला देणारा बंदरबांधणीतला अधिकारी नव्हता. पत्र बाजूला पडले. १८५८ मध्ये पिडिंग्टन यांचे कलकत्त्यात निधन झाले.

पुढे बंदराला लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले, १८६३ मध्ये रेल्वेही पोहोचली. मधल्या काळात, १८६४ च्या ऑक्टोबरात, कलकत्त्यालाच चक्रीवादळाने झोडपले आणि हजारो माणसे दगावली; तरी कॅनिंगचे काम थांबले नाही. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ थेट मातलावर आले. सोबतची लाट सुमारे सहा फुटांची, म्हणजे पिडिंग्टन यांच्या अंदाजाच्या खालच्या टोकाची. पण बंदर मोडायला तेवढी पुरली. काही वर्षांतच ते सोडून देण्यात आले. रेल्वेमार्ग मात्र राहिला. सुंदरबनला जाणारे प्रवासी आजही सियालदहहून लोकलने कॅनिंगलाच उतरतात.