खेचरं हाकणारा गडी आणि लांब पळणाऱ्या दीर्घिका

विश्व प्रसरण पावतंय म्हटलं की एडविन हबलचं नाव येतं. पण दूरदूरच्या दीर्घिकांचे वेग मोजायला रात्री जागवल्या त्या मिल्टन ह्यूमसनने. जन्म १८९१ चा. शाळा चौदाव्या वर्षीच सुटलेली. कॅलिफोर्नियात माउंट विल्सन वेधशाळा उभी राहत होती, तेव्हा हा गडी खेचरांवर सामान लादून डोंगर चढायचा. पुढे तिथल्याच इंजिनिअरच्या मुलीशी लग्न केलं आणि १९१७ मध्ये वेधशाळेत झाडलोटीची नोकरी धरली. फोटो काढण्यातला त्याचा हात इतका पक्का, की दोनेक वर्षांत संचालक जॉर्ज हेल यांनी त्याला शास्त्रज्ञांच्या पंगतीत बसवलं. तेही डिग्रीशिवाय!

काम चिकाटीचं. दीर्घिकेच्या प्रकाशातल्या रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या ते बघायचं. जास्त सरकल्या तर वेग जास्त. एनजीसी ७६१९ या दीर्घिकेच्या एका फोटोप्लेटला त्याने कित्येक रात्री मिळून ३३ तास दिले, दुसरीला ४५. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३,७८० किलोमीटर.

१९३१ मध्ये हबल आणि ह्यूमसनने प्रसरणाचा दर मांडला: दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साडेपाचशे किलोमीटर. या हिशेबाने विश्व पृथ्वीपेक्षाही तरुण ठरत होतं! गडबड अंतरांत होती, ह्यूमसनच्या वेगांत नाही. १९५६ मध्ये मेयॉल आणि सँडेजसोबत त्याने शेकडो दीर्घिकांचे वेग छापले, तेव्हा दर १८० वर उतरला. आज तो ७० च्या आसपास धरतात. ह्यूमसन १९७२ मध्ये गेला.