अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटबाई व त्यांची प्रीतिकाव्ये

प्युरिटन म्हणजे शुद्धाचारी ख्रिस्ती लोक कठोर असत, त्यांस दांपत्यप्रेम ठाऊक नव्हते, असा पुष्कळांचा समज आहे. अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटबाईंचे चरित्र तो खोटा ठरविते. ह्या बाई १६१२ साली इंग्लंडात जन्मल्या व १६३० साली पती सायमन यांजबरोबर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत गेल्या. तेथे त्यांस ८ मुले झाली. पती राजकारभारानिमित्त दूर असत, तेव्हा बाई त्यांस कवितेत पत्रे लिहीत. सूर्य मकर राशीस गेला की त्या देशी कडक हिवाळा पडतो. म्हणून एका पत्रात त्यांनी पतीस सूर्याची उपमा दिली आहे व गारठलेल्या पृथ्वीप्रमाणे आपण त्याच्या कर्क राशीत परतण्याची वाट पाहत आहो, असे दाखविले आहे. दुसऱ्या कवितेत प्रीती ही नद्यांनी न विझणारी म्हटली आहे. हे रूपक गीतरत्नाच्या ८ व्या अध्यायाची आठवण देते. त्या कवितेचा शेवट सार्वकालिक जीवनाच्या आशेत होतो. बाई १६७२ साली प्रभूत निजल्या; ही प्रीतिकाव्ये १६७८ साली छापली गेली.

प्रिय बंधुभगिनींनो, देवाने जोडून दिलेल्या सोबत्याशी प्रेमाने बोलणे हे भक्तीस बाधक नाही. ते बोलण्यास आपण लाजू नये.