खोक्यांतून आलेली गाडी

फॉर्म्युला वन बघत असाल तर पपईच्या रंगाची ती गाडी तुम्हाला ओळखून दाखवायला नको. मॅकलॅरेन, 2024 ची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियन. बघत नसाल तरी हे नाव टी-शर्टवर, मोबाइलच्या वॉलपेपरवर कुठे ना कुठे दिसलेलं असतंच. पण ते एका माणसाचं आडनाव आहे. तो माणूस लंगडत चालायचा, इंजिनीअरिंगची डिग्री त्यानं अर्धवट सोडली होती आणि 32 व्या वर्षी तो गेला. ब्रूस मॅकलॅरेन. त्याची गोष्ट एका इंजिनापासून सुरू होते, आणि तेही खोललेल्या, खोक्यांत भरून घरी आलेल्या इंजिनापासून.

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील लेस यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज. तरुणपणी ते स्वतः मोटरसायकलच्या रेसमध्ये उतरलेले. म्हणजे घरात ग्रीसचा वास होताच. पण पोराला वेड होतं ते रग्बीचं. तिकडे रग्बी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट समजा.

नऊ वर्षांचा असताना त्याचा खुबा दुखायला लागला. डॉक्टरांनी निदान केलं पर्थेस डिसीज. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तपुरवठा कमी पडतो आणि हाड ठिसूळ होऊन चपटं व्हायला लागतं. तेव्हाचा उपाय एकच, पायावर भार पडू द्यायचा नाही. ऑकलंडच्या विल्सन होममध्ये हा मुलगा जवळजवळ दोन वर्षं फ्रेमला बांधून, पायाला वजनं लावून पडून राहिला. नऊ-दहा वर्षांचं पोर आणि दोन वर्षं! तुम्हाला प्लास्टर घालून तीन आठवडे घरी बसवलं तर काय होतं, ते आठवा. तो बरा होऊन बाहेर आला, पण डावा पाय उजव्यापेक्षा जवळपास चार सेंटिमीटर आखूड राहिला. रग्बी संपलं. लंगडणं आयुष्यभर राहिलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी लेसनी एक जुनी गाडी विकत घेतली. 1929 ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर. घेतली म्हणजे काय, तिचे सुटे भाग खोक्यांतून घरी आले. बेत साधा होता, जोडायची आणि चार पैसे सुटले की विकायची.

ही गाडी काय चीज होती, ते थोडं सांगायला हवं. ऑस्टिन सेव्हन ही ब्रिटनमधल्या मध्यमवर्गाची छोटी, स्वस्त गाडी. अल्स्टर हे तिचं स्पोर्ट्स रूप. 1929 च्या अल्स्टरमधल्या मोठ्या रेसमध्ये या टीचभर गाड्या तिसऱ्या आणि चौथ्या आल्या, म्हणून हे नाव. चार सिलिंडर, अवघे 747 सीसी. आज तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एवढ्या सीसीची बाइक सापडेल. पण घरी इंजिन खोलून शिकायचं असेल तर याहून चांगला मास्तर नाही. अॅल्युमिनियमचा क्रँककेस खाली, त्यावर बोल्टनं बसवलेला बिडाचा ब्लॉक, त्यावर सुटं हेड. तिन्ही वेगळं होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी उभे, त्यामुळे हेड काढलं की सगळं डोळ्यांसमोर.

आपल्याकडे गॅरेजवाला ज्याला ‘फुल इंजिन’ म्हणतो, ते काम काय असतं बघा. सिलिंडर किती झिजलाय ते मापायचं. जास्त असेल तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. व्हॉल्व्हला पेस्ट लावून तो आपल्या सीटवर हातानं घुमवत राहायचं, दोघांवर सगळीकडून सारखी राखाडी कडी उमटेपर्यंत. कडी कुठे तुटली, की कॉम्प्रेशन तिथून गळणार. क्रँकशाफ्टचं बेअरिंग फार सैल असेल तर ठोकणार, फार घट्ट असेल तर जळणार. साध्या ऑस्टिन सेव्हनमध्ये क्रँकला तेल मिळायचं ते बारीक छिद्रातून उडणाऱ्या धारेनं, बऱ्यापैकी रामभरोसे. अल्स्टरमध्ये मात्र तेल दाबानं क्रँकच्या आतून जायचं. म्हणजे तिथली एक बंद नळी, एक कचरा, आणि इंजिन संपलं. यातल्या कुठल्याच पायरीवर घाई चालत नाही. पडून राहायची शिक्षा भोगलेल्या मुलाला हे बरोबर जमलं, असं मला वाटतं. संयम त्याच्याकडे सक्तीनं आलेला होता.

बाप-लेकानं वर्षभराच्या वर खपून गाडी उभी केली. लेसनी ती रस्त्यावर काढून बघितली आणि परत आले ते धास्तावूनच. ब्रेक बेताचे, स्टिअरिंगचा भरवसा नाही. विकून टाकायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण पोराच्या हट्टापुढे गाडी घरातच राहिली. लायसन्सचं वय व्हायचं होतं, म्हणून ब्रूसनं परसातल्या झाडांभोवती आठाच्या आकड्यासारखा ट्रॅक केला आणि तिथे गिरक्या मारायला सुरुवात केली. 1952 मध्ये, हायस्कूलच्या वयात, तो मुरिवाईच्या किनाऱ्याजवळच्या घाटातल्या स्पर्धेत तीच अल्स्टर घेऊन उतरला. इथे पाय किती लांब आहे, हे कोणी विचारत नव्हतं.

पुढची काही वर्षं भराभर गेली. अल्स्टरनंतर दुसऱ्या गाड्या आल्या. शिक्षण सेडन मेमोरियल टेक्निकल कॉलेजात आणि मग ऑकलंड विद्यापीठात, इंजिनीअरिंगचं. 1958 मध्ये न्यूझीलंडच्या ग्रां प्री संघटनेनं एका होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवायची योजना काढली आणि पहिलाच नंबर ब्रूसचा लागला. डिग्री राहिली ती राहिलीच. (हे वाचून लगेच घरी फोन करू नका. त्याच्या हातात तोवर सहा वर्षांचं प्रॅक्टिकल होतं.)

इंग्लंडमध्ये कूपर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यानं आपली गाडी मेकॅनिकांच्या जोडीनं स्वतः बांधली. त्याच वर्षी जर्मनीत, नुर्बुर्गरिंगवर, फॉर्म्युला टूची छोटी गाडी घेऊन मोठ्या गाड्यांच्या रेसमध्ये पाचवा आला. 12 डिसेंबर 1959 ला अमेरिकेत, सेब्रिंगला, शेवटच्या फेरीत त्याच्याच टीममधल्या जॅक ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं. ब्रॅबहॅम गाडी ढकलत राहिला आणि ब्रूस जिंकला. वय 22 वर्षं 104 दिवस. इंडियानापोलिसची रेस सोडली, तर इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकायचा हा विक्रम 2003 पर्यंत टिकला.

तो त्या पिढीतला सगळ्यात वेगवान ड्रायव्हर होता का? नव्हता, असं माझं मत. 100 ग्रां प्रीमध्ये चार विजय, चॅम्पियनशिप एकदाही नाही. पण गाडी काय म्हणतेय हे ऐकण्यात त्याचा हात धरणारे थोडेच होते. एकदा टेस्टिंग करताना त्याला दिसलं, की पेट्रोलच्या टाकीचं पुढचं झाकण वेगात फडफडत वर उचलतंय. वरून एवढा वारा येत असताना ते दाबून बसायला हवं ना? म्हणजे आत हवा कोंडतेय. गाडी थांबवून त्यानं पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागे भोक पाडलं. हवेला वाट मिळाली. पुढे त्याच्या गाड्यांच्या नाकावर अशा खिडक्या कायमच्या आल्या.

1963 मध्ये त्यानं स्वतःची टीम काढली. न्यू माल्डनचं पहिलं वर्कशॉप म्हणजे मातीच्या जमिनीची एक शेड, तीही रस्ते सपाट करायच्या एका यंत्रासोबत वाटून घेतलेली. युरोपातल्या थंडीत रेस बंद असायच्या, तेव्हा न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात उन्हाळा. 1964 च्या सुरुवातीला तिथली पहिली टास्मान सिरीज ब्रूसनं जिंकली. पण त्याच सिरीजच्या शेवटच्या रेसच्या सरावात, लाँगफोर्डला, त्याचा जोडीदार टिमी मेयर अपघातात गेला. ब्रूसनं त्याच्यावर लिहिलं. जे करायचं ते उत्तम करता करता मरण आलं तर त्याला वेडेपणा म्हणता येणार नाही, असा त्या लेखाचा आशय होता. वाचणाऱ्याला तो मेयरबद्दलचा वाटला, लिहिणाऱ्याला कदाचित तेवढाच वाटला नसावा.

त्याच वर्षी त्यानं एक जुनी रेसिंग कार घेऊन मधोमध कापली, नवी चौकट घातली आणि ओल्ड्समोबिलचं व्ही-8 इंजिन बसवलं. कॅनडाच्या मॉसपोर्टला जायची तारीख तोंडावर, एक्झॉस्टचे नळ वळवून जोडायला वेळ नाही. मग आठ बोडके पाइप सरळ वर काढून दिले. रंग दुकानात एकच मिळाला, बागेच्या फाटकाला लावतात तो हिरवा. तोच फासला. गाडी जिंकली. ‘बाजा’च्या इव्हेंटच्या आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये जागलेल्यांना यात काही नवल वाटायचं नाही.

सगळं असं जमून येत नसे. 1966 मध्ये फॉर्म्युला वनचं इंजिन तीन लिटरचं झालं. ब्रूसनं फोर्डचं 4.2 लिटरचं इंजिन छोटं करून तीन लिटरचं करायचा घाट घातला. इंजिन जड, आवाज कानठळ्या बसवणारा आणि ताकद यथातथाच. मोनॅकोमध्ये मॅकलॅरेन नावाची पहिली फॉर्म्युला वन गाडी थोड्याच फेऱ्यांत तेल गळून थांबली. मग एका छोट्या इटालियन कंपनीचं, सेरेनिसिमाचं, इंजिन लावून ब्रँड्स हॅचला सहावा नंबर आणि टीमचा पहिला पॉइंट मिळाला. गंमत म्हणजे त्याच जूनमध्ये ब्रूस आणि ख्रिस अॅमन यांनी फोर्डच्या गाडीतून ल मान्सची 24 तासांची रेस जिंकली होती. ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ पाहिला असेल, तर शेवटी केन माइल्सच्या शेजारून जी गाडी पुढे गेली, ती यांची.

मग कॉसवर्थचं इंजिन आलं आणि 9 जून 1968 ला बेल्जियममध्ये स्पाला ब्रूस स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकला. पुन्हा तेच, पुढच्या जॅकी स्ट्यूअर्टला ऐन शेवटी पेट्रोलसाठी थांबावं लागलं. ब्रूसला वाटत होतं आपण दुसरे. जिंकलोय, हे त्याला गाडी थांबल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-अॅम सिरीजमध्ये तर 1969 साली त्याच्या पपई रंगाच्या गाड्यांनी अकराच्या अकरा रेस जिंकल्या. सहा ब्रूसनं, पाच त्याचाच देशबंधू डेनी हुल्मनं.

एवढी मोठी टीम झाल्यावर टेस्टिंगला दुसरा ड्रायव्हर बसवणं अवघड नव्हतं. पण नवी गाडी आधी आपण चालवायची, हे त्यानं सोडलं नाही. 2 जून 1970 ला इंग्लंडमधल्या गुडवुडला तो पुढच्या सीझनची कॅन-अॅम गाडी, एम-8-डी, तपासत होता. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना गाडीच्या मागच्या भागाचा पत्रा सुटून उचलला गेला. मागची चाकं जमिनीवर दाबून धरणारा वाऱ्याचा भार एका क्षणात नाहीसा झाला, गाडी फिरली आणि मार्शल उभे राहायच्या बांधावर आदळली. ब्रूस जागीच गेला. पत्नी पॅटी आणि चार वर्षांची मुलगी अमांडा मागे राहिली.

ज्याची ख्याती एक फडफडणारं झाकण टिपण्यासाठी होती, त्याला या पत्र्यानं तेवढाही वेळ दिला नाही.

कॅन-अॅमची पहिली रेस बारा दिवसांवर होती, मॉसपोर्टला. हुल्मचे हात त्याच्या आधी इंडियानापोलिसच्या सरावात भाजलेले. वर्कशॉपमधल्या मंडळींनी गाड्या पूर्ण केल्या, बोटीनं-विमानानं पाठवायच्या त्या पाठवल्या. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी बसला आणि ती रेस जिंकला. हुल्म त्याच हातांनी तिसरा आला आणि वर्षअखेरीस सिरीज त्यानंच जिंकली. अल्स्टर आज इंग्लंडमध्ये वोकिंगला, मॅकलॅरेनच्या मुख्यालयात, टीमच्या रेसिंग गाड्यांच्या रांगेत उभी आहे.