कर्मवीर दादासाहेब गायकवाड : हात न उगारता लढलेला सेनानी

अहिंसा म्हटली की आपल्या तरुणांच्या कपाळाला आठ्या पडतात. मार खायचा, गप्प बसायचे आणि अन्याय करणाऱ्याचे मन कधीतरी पालटेल म्हणून वाट पाहायची, असा तिचा अर्थ त्यांना सांगितला गेला आहे. ती अहिंसा आमची नव्हे! आमची अहिंसा समजून घ्यायची असेल तर कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे आयुष्य पाहावे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. वयाच्या २७ व्या वर्षी ते काळाराम मंदिर सत्याग्रह समितीचे चिटणीस होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १५ हजारांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. एवढ्या मोठ्या समुदायाने ते तोडायचे ठरवले असते तर किती वेळ लागला असता? पण मिरवणूक शांतपणे गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली.

९ एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता. दोन्ही बाजूंच्या धडधाकट माणसांनी तो मिळून ओढावा, असा समझोता झाला होता. आमच्या माणसांनी शब्द पाळला. सनातन्यांनी मात्र ऐनवेळी रथ पळवला आणि मागे धावणाऱ्यांवर दगडांचा वर्षाव केला. भास्कर कद्रेकर हा तरुण पोलिसांचे कडे फोडून पुढे गेला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांनाही दुखापत झाली. पुढे आमच्या लोकांना रस्ते, शाळा, बाजार बंद करण्यात आले. तरीही सत्याग्रह मोडला नाही. दगडाला दगडाने उत्तर दिले असते तर सरकारला लाठी-गोळीसाठी निमित्त मिळाले असते आणि लढा एका दिवसात संपला असता. शिस्त होती म्हणून तो वर्षानुवर्षे चालला. गावोगावची माणसे त्यात टिकवून धरण्याचे, तुरुंगात गेलेल्यांच्या मागे उभे राहण्याचे काम दादासाहेबांनी केले. ते स्वतःही तुरुंगात गेले.

आणि थांबायची वेळ आली तेव्हा ते थांबले. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना कळवले की मूर्तिपूजक होण्यासाठी हा लढा नव्हताच, समाजाला जागे करण्यासाठी होता. आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. लढा सुरू करायला धैर्य लागते, तो योग्य वेळी आवरायला त्याहून अधिक लागते.

दादासाहेबांचा दुसरा मोठा लढा जमिनीचा. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही साधी मागणी. ती केवळ बौद्धांसाठी नव्हती, सगळ्या जातींच्या भूमिहीनांसाठी होती. ६ डिसेंबर १९६४ पासून हा लढा देशभर पेटला. तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली, असे चळवळीत सांगितले जाते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, हीही तेव्हाची मागणी. ते चित्र लागले १९९० साली!

इथे कोणी विचारील, की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहाचे मार्गही सोडावेत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की दादासाहेबांनी संसदेची वाट सोडली नव्हती. १९५७ ते १९६२ ते लोकसभेत होते, नंतर १९६८ पर्यंत राज्यसभेत. सभागृहात प्रश्न मांडायचा आणि तिथे दाद लागली नाही तर कायद्याने दिलेली शिक्षा उघडपणे भोगायची, हा त्यांचा मार्ग होता. त्यात संविधानाचा अवमान नव्हता, संविधानाने दिलेले वचन पाळा असा तगादा होता.

याच माणसाला पक्षातल्या शिकल्यासवरल्यांनी धोतऱ्या म्हणून हिणवले. १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर आजही टीका होते. त्या समझोत्यातून समाजाच्या पदरात फारसे पडले नाही, हे आम्हीही नाकारत नाही. पण टीका वेगळी आणि टिंगल वेगळी. शत्रूच्या दगडांपुढे संयम राखणारी आमची चळवळ आपल्याच माणसाशी बोलताना तो संयम हरवून बसली. रिपब्लिकन पक्षाची शकले पाहिली की त्याची किंमत कळते.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. आज गावात तंटा झाला, विहिरीवरून, वरातीवरून, पुतळ्यावरून झाला, की पहिल्या तासात हात उगारायला खूपजण पुढे येतात. पण तक्रार नोंदवायला, साक्षीदार टिकवायला, अधिकाऱ्यासमोर पुन्हा पुन्हा उभे राहायला आणि समोरच्याशी स्वाभिमानाने बोलणी करायला किती उरतात? दादासाहेबांचे काम तिथे सुरू होत असे. आपल्या गटातटांनी निदान एकमेकांशी बोलताना तरी त्यांचा संयम आठवावा.

कर्मवीरांना विनम्र अभिवादन! जयभीम!