भोजराजाची लाकडी पाखरे

धार-देवासच्या पवारांनी आपले कूळ परमार भोजापर्यंत नेले. आपल्या घरांतून मात्र भोज उरला तो गंगू तेल्याच्या म्हणीपुरता. मला ओढ आहे ती निराळ्याच भोजाची. इ. स. १०१० च्या सुमारास धारेच्या गादीवर आलेला हा राजा शेजाऱ्यांशी झुंजत असतानाच अद्भुताची मोजदाद करीत होता. त्याच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात देवांबरोबर यक्ष-राक्षसांच्या मूर्तींचीही लक्षणे आहेत. पण खरी मौज एकतिसाव्या अध्यायात! तेथे तापलेल्या पाऱ्याच्या बळावर माणसाला घेऊन उडणारा लाकडी पक्षी आहे, पाणी पिणारा हत्ती आहे, दंड उगारून वाट अडवणारा लाकडी द्वारपाल आहे. घडण मात्र पुरती सांगितलेली नाही. हे अज्ञान नव्हे, गुप्तता राखायची म्हणून, असा ग्रंथकाराचा खुलासा. मला तो निम्माच पटतो. द्वारपाल एखादा कसबी सुतार करूनही देईल. पाऱ्यावरचे पाखरू कोण उडविणार?

भोज १०५५ च्या सुमारास निवर्तला. तेव्हा गुजरातचा भीम आणि चेदीचा कर्ण धारेवर उठले होते. ग्रंथ छापून निघाला तो बडोद्यास, गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत, १९२४-२५ साली, संपादक गणपतिशास्त्री.