कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि अर्थशास्त्राची परिभाषा

कृष्णशास्त्री चिपळूणकर म्हटले की निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांचे वडील, एवढेच आपल्याला आठवते. मराठीच्या तासाला फार तर अरबी गोष्टींचा उल्लेख होतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला त्यांची ओढ लागली ती 'अर्थशास्त्रपरिभाषा' या १८५५ सालच्या पुस्तकामुळे.

शास्त्रीबुवांचा जन्म १८२४ चा, पुण्याचा. विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेत मोरशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले; इंग्रजी ते पुढे शिकले. १८५२ मध्ये त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले आणि मग जॉन स्टुअर्ट मिलच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथाला हात घातला. मूळ ग्रंथ निघून सातच वर्षे झाली होती. मुंबई विद्यापीठाची तर स्थापनाही व्हायची होती! न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने आरंभ परिभाषेपासून करावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

काम मात्र सोपे नव्हते. मिल मूल्य आणि किंमत यांत भेद करतो. आपल्या बाजारात 'किंमत' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मजुरीचेही तसेच. हा शब्द मुळात फारसीतला. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या आपल्या धाराशिव जिल्ह्यात तो सर्वांच्या तोंडी. पुस्तकात मात्र संस्कृत 'वेतन' येते. आता कळंब-वाशीकडून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून 'उचल' घेतात. ती आगाऊ मजुरी असते आणि कर्जही असते. उत्तरपत्रिकेत तिला कोणत्या शब्दाखाली बसवावे?

'चलनवाढ' हा शब्द तर शास्त्रीबुवांच्या फार नंतरचा. घरी आपण महागाई म्हणतो. चलनवाढ म्हटले की कारण आधीच ठरून जाते. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे ज्वारी महागली ती मुख्यतः पीक बुडाले म्हणून. माझ्या मते 'भाववाढ' हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द. प्राध्यापक मंडळींचे मत वेगळे असू शकेल!

पुढे शास्त्रीबुवांनी 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' लिहिला, 'शालापत्रक' चालवले, मेघदूताचे मराठी भाषांतर केले. 'रासेलस'चे भाषांतर त्यांनी सुरू केले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. १८७८ मध्ये ते वारले तेव्हा अरबी गोष्टींचे कामही अर्धेच राहिले होते. ते हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले.