व्हाया मुंबई, मुक्काम पोस्ट नगर

शहर बदलायचंय, तेही एकट्याने? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून एकटी निघालेली एक शिक्षिका आपल्या नगरला येऊन राहिली. फुले दाम्पत्याच्या चरित्रात एखाद-दुसऱ्या ओळीत भेटणाऱ्या सिंथिया फरार यांची ही गोष्ट.

शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की कॉलेजच्या कट्ट्यावर एकच विषय निघतो. पुढे कुठे? पुणे, मुंबई, बेंगळुरू की थेट परदेश? मग बाकीचे प्रश्न येतातच. कॉट बेसिसवर जागा मिळेल का, डिपॉझिट किती, मेस कशी असेल? मुलगा असेल तर 'बॅचलरला फ्लॅट देत नाही' हे ऐकायची तयारी ठेवायची. मुलगी असेल तर आधी घरात बैठक. आत्या, मामा, शेजारच्या काकू, सगळ्यांचं मत घेऊन झालं की मग तुमचं.

आणि एक गोष्ट आपण सगळेच धरून चालतो. नगरकराने काही करायचं तर नगर सोडायचं. पुण्याच्या एसटीत बसायचं आणि सणासुदीला परत यायचं. म्हणून आज तुम्हाला उलट्या दिशेने आलेल्या एका बाईंबद्दल सांगायचंय.

नाव तुम्ही वाचलेलं आहे. मिस फरार. सावित्रीबाई फुल्यांवर भाषण करताना तुमच्यातल्या कुणी ते घेतलंही असेल. 'नगरच्या मिस फरार यांची शाळा पाहून जोतिरावांना प्रेरणा मिळाली', एवढं वाक्य म्हणायचं आणि पुढे जायचं. पण या बाई नगरला आल्याच कशा?

बत्तिसाव्या वर्षी आलेली विचारणा

सिंथिया फरार यांचा जन्म 1795 सालचा. गाव मार्लबरो, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं. मोठ्या झाल्यावर त्या शाळामास्तरीण झाल्या. त्या काळी त्या भागात शिकलेल्या बाईला स्वतःच्या पायावर उभं राहायला जे मोजके मार्ग होते, त्यातला हा एक.

बोस्टनमध्ये 'अमेरिकन बोर्ड' नावाची एक मिशनरी संस्था होती. तिची माणसं 1813 पासून मुंबईत काम करत होती. मुलींच्या शाळा सुरू झाल्या होत्या, पण त्या सांभाळायला पूर्ण वेळ कुणी नव्हतं. मिशनऱ्यांच्या बायका हे काम करत, पण त्यांच्यामागे घर, बाळंतपणं आणि आजारपणं होती. मुंबईहून मागणी गेली की, शिकवण्याचा अनुभव असलेली एखादी बाई पाठवा. बोर्डाने सिंथियाबाईंना विचारलं.

इथे थोडं थांबा. तोवर बाई मिशनच्या कामाला परदेशी जायची ती बहुतेक कुणाची तरी बायको म्हणून. एकट्या, अविवाहित शिक्षिकेला भारतात पाठवण्याची या संस्थेची ही पहिलीच वेळ होती. सिंथियाबाईंचं वय बत्तीस. त्या काळच्या हिशेबाने लग्नाचं वय उलटून गेलेलं. समोर दोन रस्ते होते. एक, ओळखीच्या गावात ओळखीची नोकरी. दुसरा, जिथली भाषा, हवा, जेवण, माणसं यातलं काहीही माहीत नाही, असं शहर.

त्यांनी होकार दिला. 1827 च्या जूनमध्ये बोस्टनहून जहाज सुटलं आणि त्याच वर्षी डिसेंबर संपता संपता त्या मुंबईत पोहोचल्या. सुएझ कालवा तेव्हा नव्हता, तो व्हायला अजून चार दशकं होती. सगळा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून. घरी पाठवलेलं पत्र पोहोचायला कित्येक महिने लागत आणि उत्तर यायला तेवढेच. तुम्ही पुण्याला पोहोचल्यावर आईला 'पोहोचले' असा मेसेज टाकता ना? तो त्यांच्या घरी मिळाला असेल तेव्हा त्यांना इथे येऊन पहिला उन्हाळा लागला असेल.

आधी भाषा, मग बाकी सगळं

मुंबईत पहिलं काम होतं मराठी शिकणं. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला, म्हणजे त्यांनी सुरुवात केली तेव्हा तो हाताशी नव्हता. तरी त्या शिकल्या, कारण त्याशिवाय काम होणारच नव्हतं. शाळा मराठीतून चालत. वाचन, लेखन, हिशेब, शिवणकाम आणि अर्थातच बायबल.

हे शेवटचं लपवण्यात अर्थ नाही. फरारबाई मिशनरी होत्या आणि धर्मप्रसार हा त्यांच्या येण्याचा उघड हेतू होता. पालकांनाही ते ठाऊक होतं. मुलगी शिकली तर तिचं वाटोळं होतं, तिचा नवरा मरतो, असं मानणारा तो समाज. त्यात ही शाळा परधर्मीयांची. कुणी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी आली की शाळेतली मुलं भराभर कमी होत. मुली मोठ्या होण्याआधीच लग्न होऊन जात. वर्षभर शिकवलेली मुलगी एके दिवशी येतच नाही, की समजायचं सासरी गेली. मग पुन्हा नवी मुलगी आणि पुन्हा पहिल्यापासून बाराखडी.

तरी शाळा वाढल्या. दोन-तीन वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली शेकडो मुली शिकत होत्या. पण मुंबईच्या हवेने माणसं मात्र टिकत नव्हती. त्यांच्याबरोबर त्याच जहाजातून आलेल्या मायरा ॲलन 1831 मध्येच वारल्या. फरारबाई दहा वर्षं टिकल्या आणि 1837 मध्ये तब्येतीच्या कारणाने अमेरिकेला परतल्या.

गोष्ट इथे संपली असती तर कुणीही त्यांना नावं ठेवली नसती. दहा वर्षं काम केलं, प्रकृती बिघडली, घरी गेल्या.

दुसऱ्यांदा निघताना

1839 मध्ये त्या परत आल्या. वय चव्वेचाळीसच्या आसपास. आणि या वेळी मुंबईला नाही, नगरला.

पहिल्यांदा शहर निवडताना आपल्याला काहीच माहीत नसतं. जाहिरातीसारखं एक चित्र डोक्यात असतं. दुसऱ्यांदा निवडताना मात्र किंमत माहीत असते. फरारबाईंना या देशातला उन्हाळा माहीत होता, पटकी माहीत होती, रिकामे पडलेले वर्ग माहीत होते, सोबतच्यांची मरणं पाहून झाली होती. तरी त्या निघाल्या. पहिल्या होकारापेक्षा हा दुसरा होकार मोठा, असं मला वाटतं.

पण नगरच का? कुणी कुठे काम करायचं हे मिशन ठरवत असे, त्यामुळे ही निवड सगळी त्यांच्या एकटीची नव्हती. पण ते ठिकाण निवडण्यामागे विचार होता. अमेरिकन मिशनचं नगरचं ठाणं 1831 च्या अखेरीस सुरू झालं. मुंबईची दमट हवा मिशनऱ्यांना सोसत नव्हती. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचावर, कोरड्या हवेचं. किल्ला 1803 मध्येच इंग्रजांकडे गेलेला, लष्कराची छावणी वसलेली. आजूबाजूला शेकडो खेडी, आणि तिथे शाळा जवळपास नाहीतच. जिथे कामाची गरज जास्त आणि प्रकृतीला त्रास कमी, असं ते ठिकाण होतं.

अर्थात सगळं सुरळीत नव्हतं. मिशन सुरू करायला आलेल्यांपैकी विल्यम हर्वी काही महिन्यांतच, 1832 मध्ये, पटकीने गेले. आगगाडीही नव्हती. दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून गेली ती 1878 साली. म्हणजे फरारबाईंनी नगरच्या स्टेशनवर गाडी कधीच पाहिली नाही. मुंबईहून घाट चढून पुणे आणि तिथून पुढे नगर, हा प्रवास बैलगाडी, घोडा किंवा मेणा यातून करावा लागे.

राहायचा प्रश्न तेव्हाही होताच. एकट्या बाईने साधारणपणे एखाद्या मिशनरी कुटुंबाच्या आसऱ्याने राहायचं, असा रिवाज होता. म्हणजे आज जे 'पीजी'त राहतात त्यांचंच जुनं रूप म्हणा. दुसऱ्याचं घर, दुसऱ्यांच्या वेळा. पण त्याच घरांमुळे आजारपणात उशाशी कुणीतरी असायचं. एकट्याने राहणं आणि कुणीच नसणं यात फरक आहे, तो इथे दिसतो.

आणि मग 1848

नगरच्या शाळा सुरू होऊन वर्षं उलटली. पुण्याच्या जोतिराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. 1848 मध्ये जोतिराव त्यांच्याकडे आले आणि दोघांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या.

जोतिराव तेव्हा एकवीस वर्षांचे. तुमच्याच वयाचे! त्यांनी काय पाहिलं असेल? ओळीने बसलेल्या, मराठी वाचणाऱ्या, पाटीवर लिहिणाऱ्या मुली. जे होऊच शकत नाही असं सगळे म्हणत होते, ते एका गावात रोज सकाळी होत होतं. पुण्याला परतल्यावर त्याच वर्षी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितलेलं आहे.

फरारबाईंनी शाळा काढली ती माणसं आपल्या धर्मात यावीत म्हणून. जोतिरावांनी त्यांच्याकडून शाळा घेतली, धर्म घेतला नाही. पुढे त्या शाळेचं जे झालं ते फरारबाईंच्या योजनेत कुठेच नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या गावात काय पेरलं आणि गावाने त्यातून काय उगवलं, याचा हिशेब कधी सरळ नसतो.

फरारबाई मात्र शिकवतच राहिल्या. नगरमध्ये वीसहून जास्त वर्षं काम करून 25 जानेवारी 1862 रोजी त्या इथेच वारल्या. वय सहासष्ट. त्यांनी लग्न केलं नाही, मोठा ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या बहुतेक विद्यार्थिनींची नावंही आज कुणाला सांगता येणार नाहीत.

तुमच्या बॅगेत काय टाकाल?

आता तुमचा प्रश्न. पुढे कुठे?

फरारबाईंच्या आयुष्यातून 'शहर निवडण्याचे पाच मंत्र' काढता येतील, पण ते नको. त्यांना पाठवणारी संस्था होती, पाठीशी श्रद्धा होती, राज्य गोऱ्यांचं होतं. तुमच्याकडे त्यातलं काही नसेल. तुमच्याकडे मोबाइल आहे, रात्रीची एसटी आहे आणि नकोसं झालं तर परत यायची सोय आहे.

पण यादी करताना एक रकाना वाढवून बघा. पगार, भाडं, लायब्ररी, नाईट लाइफ हे सगळं लिहाल तेव्हा हेही लिहा की, तिथे माझ्या हाताला काय काम आहे? ते शहर मला काय देईल हे तर बघायलाच हवं, पण माझ्यावाचून तिथे काय अडलंय हेही बघा. हा रकाना भरताना कदाचित पुण्याचं नाव येईल, कदाचित बेंगळुरूचं. पाथर्डी, अकोले किंवा जामखेडचंही येऊ शकेल.

आणि गेलात तर तिथली भाषा शिका. पहिल्या वर्षी जमलं नाही, तब्येत बिघडली, पैसे संपले, तर घरी या. लाज वाटायचं कारण नाही. फरारबाईही गेल्या होत्या. दोन वर्षं घेतली आणि मग पुन्हा निघाल्या, पण या वेळी शहर बदललं.

आज शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, बोलताना आपण नगरच म्हणतो. कुणी विचारलं की नगरला येऊन राहण्यासारखं काय आहे हो, तर हसून सोडून देऊ नका. त्यांना सिंथिया फरार हे नाव सांगा.